पेपर निघाला नाही, मग दोन वर्षांचं काम अर्जात मांडायचं कसं?

पत्राचा सारांश : वाचक मुलगी न्यू जर्सीत राहते. पाचवीपर्यंत नाशिकला मराठी शाळेत शिकली, मग आईबाबांबरोबर अमेरिकेत आली. आता कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि येत्या उन्हाळ्यात मेडिकल स्कूलसाठी अर्ज करणार आहे. दोन वर्षं ती एका लॅबमध्ये झेब्राफिश या माशांवर काम करते आहे. हृदयाच्या घडणीसाठी लागत असेल असं वाटणारं एक जनुक त्यांनी बंद करून पाहिलं, पण माशांच्या हृदयात काहीच फरक दिसला नाही. त्यावर पेपर, म्हणजे शोधनिबंध, निघालेला नाही, इतक्यात निघेल असंही नाही. ओळखीतल्या एका मुलाच्या नावावर तीन पेपर आहेत आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात त्याचा विषय निघतो. तिचे काका पुण्याकडे एका मेडिकल कॉलेजात प्राध्यापक आहेत. ‘आमचा एक पेपर जायचाच आहे, त्यात तुझं नाव घालतो,’ असं ते आपणहून म्हणाले. बाबांना त्यात काही गैर वाटत नाही. हिचं मन मात्र घेत नाही. मैत्रीण म्हणते, लॅबचे तास हजाराच्या वर दाखव, मोजायला कोण येतंय? दर आठवड्याला ती एका मोफत दवाखान्यातही जाते, पण ‘ते काही रिसर्च नाही’. तिचा प्रश्न असा : दाखवण्यासारखं काहीच हाती लागलेलं नसताना हे काम अर्जात लिहू तरी कसं?

तुझ्या प्रश्नात एक गोष्ट तू धरूनच चालली आहेस : पेपर म्हणजे मिळवलेलं, आणि पेपर नाही म्हणजे काहीच नाही. आधी त्याबद्दल बोलू, कारण काकांचा पेपर आणि मैत्रिणीचे हजार तास, दोन्ही तिथूनच आले आहेत.

तुझे बाबा ज्या व्यवस्थेत वाढले तिच्यात मेडिकलचा प्रवेश म्हणजे मार्क. आजही महाराष्ट्रात एमबीबीएसला जाणाऱ्या मुलाला कोणी ‘तू काय केलंस’ असं विचारत नाही, नीटला ७२० पैकी किती पडले ते विचारतात. अमेरिकेत एमकॅट ही प्रवेशपरीक्षा आणि जीपीए, म्हणजे कॉलेजातल्या गुणांची सरासरी, यांचे आकडे आहेतच, पण त्यापुढचा अर्धा अर्ज आकड्यांत मावत नाही. अशा वेळी आपली घरं स्वतःच आकडे शोधतात. पेपर किती, तास किती, किती डॉक्टरांचं काम शेजारी उभं राहून बघितलंस. बाबांचा आग्रह त्या काळजीतून आला आहे. त्यांच्यावर चिडू नकोस, पण त्यांचं गणित इथे लागू पडत नाही हे त्यांना नीट समजावून सांग.

मी वैद्यकीय शाखेत शिकवते आणि असे अर्ज वाचणाऱ्यांत काही वर्षं बसले आहे. पदवीच्या मुलाच्या नावावर पेपर असला तर आम्हाला आनंदच होतो. मात्र त्याचं किती श्रेय त्या मुलाचं आणि किती योगायोगाचं, हे वाचणाऱ्याला पक्कं माहीत असतं. एखादा मुलगा लॅबमध्ये येतो तेव्हा प्रकल्प संपत आलेला असतो. शेवटच्या दोन आकृत्यांचं काम त्याच्याकडे येतं आणि वर्षभरात पेपर निघतो. दुसरी मुलगी त्याच लॅबमध्ये नव्या प्रश्नावर रुजू होते आणि तिची दोन वर्षं पद्धत बसवण्यातच जातात. दोघांपैकी जास्त कोण शिकलं, हे पेपरांच्या यादीवरून कळत नाही. ओळखीतल्या त्या मुलाचे तीन पेपर खरे असतील, मेहनतीचे असतील. त्याचं कौतुक कर आणि त्याचा विषय तिथेच सोड.

आता फॉर्मकडे येऊ, कारण हा फॉर्म कसा आहे ते कळलं की निम्मी भीती जाते. बहुतेक एमडी (अमेरिकेत ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) कॉलेजांचे अर्ज ‘ॲमकास’ या एकाच सेवेतून जातात. त्यात कामं आणि उपक्रम लिहायला जास्तीत जास्त १५ नोंदी मिळतात. प्रत्येक नोंदीच्या वर्णनाला ७०० अक्षरचिन्हं, मोकळ्या जागा धरून. त्यांतल्या तीनपर्यंत नोंदी ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडता येतात आणि अशा प्रत्येक नोंदीला आणखी १,३२५ चिन्हांची जागा मिळते. संशोधनाचं सदर वेगळं, पेपरांचं वेगळं, पोस्टर आणि सादरीकरणाचं वेगळं. म्हणजे पेपर नसला तर एक सदर तुझ्यासाठी नाही, एवढंच. संशोधनाचं सदर तुझंच आहे. विद्यापीठाच्या मेळाव्यात तू पोस्टर लावलं होतंस, त्याचा तू पत्रात ओझरता उल्लेख केला आहेस. तीही नोंद होते. पेपरांच्या सदरात मात्र स्वीकारला गेलेला किंवा छापून आलेला पेपरच लिहावा. ‘लिहितोय’, ‘पाठवणार आहोत’ अशा पेपरांना तिथे जागा नाही. हस्तलिखित खरोखर पाठवलं असेल तर तसं संशोधनाच्या नोंदीत एका वाक्यात सांगावं.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य तू कंसात टाकलं आहेस. तू लिहितेस, ‘(ठोके मोजायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा बशांवरची लेबलं झाकून मोजूया असं मी सुचवलं, बाकी विशेष काही केलं नाही.)’

अगं, हेच तर विशेष आहे! कोणतं भ्रूण जनुक बंद केलेल्या गटातलं आणि कोणतं साध्या गटातलं हे मोजणाऱ्याला माहीत असेल, तर नजर नकळत हव्या त्या उत्तराकडे झुकते. औषधांच्या चाचण्यांत रुग्णापासून आणि डॉक्टरपासून कोण कोणत्या गटात आहे हे लपवतात ते याच कारणानं. विशीतल्या मुलीला हे स्वतःहून सुचलं, तिनं ते पोस्टडॉकला, म्हणजे लॅबमधल्या पीएचडी झालेल्या संशोधकाला, बोलून दाखवलं आणि लॅबनं ते मान्य केलं, यावरून मला तुझ्याबद्दल जे कळलं ते तुझ्या तंत्रांच्या अख्ख्या यादीतून कळलं नाही. आपल्या स्वतःच्या अपेक्षेवर संशय घेता येणं ही डॉक्टरला रोज लागणारी गोष्ट आहे. निदान एकदा मनात बसलं की त्याच्या विरुद्धचं लक्षण दिसेनासं होतं.

आणि ‘फरक दिसला नाही’ म्हणजे काम फुकट गेलं, हेही मला मान्य नाही. तुमच्या क्षेत्रात तर मुळीच नाही. झेब्राफिशमध्ये एखाद्या जनुकाचं काम तात्पुरतं दाबलं तर मोठा दोष दिसतो, पण तेच जनुक कायमचं बिघडवलेल्या माशांत काहीच दिसत नाही, असं अनेक लॅबना आढळत होतं. २०१५ साली जर्मनीतल्या एका गटानं रक्तवाहिन्यांशी संबंधित एका जनुकाबाबत ‘नेचर’मध्ये दाखवलं की जनुक कायमचं बिघडलं असता दुसरी जनुकं पुढे सरसावून त्याची उणीव भरून काढतात. म्हणजे ‘फरक नाही’ यातूनच एक नवा प्रश्न उभा राहिला. तुमच्या माशांत तसंच घडलं असं मी म्हणत नाही. जनुक पुरतं बंदच झालं नसेल, किंवा तुम्ही ठोके मोजलेत आणि दोष झडपांत असेल. या शक्यता तू पोस्टडॉकबरोबर बसून बोललीस का? बोलली नसशील तर या आठवड्यात बोल. इंटरव्ह्यूत ‘मग आता पुढे काय करायला हवं असं तुला वाटतं?’ हा प्रश्न येण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि ज्याच्या हातात पेपर असतो त्यालाही बऱ्याचदा तो अडवतो.

आता लिहिण्याचं. अर्ज इंग्रजीतच लिहायचा आहे, पण विचार कसा मांडायचा ते मराठीतून दाखवते. तू पाठवलेला मसुदा साधारण असा आहे : ‘एका नामांकित लॅबमध्ये अत्याधुनिक जीन-एडिटिंग तंत्र वापरून हृदयविकासाच्या संशोधनात मोलाचं योगदान दिलं. पीसीआर, जेल इलेक्ट्रोफोरेसिस, मायक्रोइंजेक्शन, मायक्रोस्कोपी ही तंत्रं आत्मसात केली. टीमवर्क आणि चिकाटीचं महत्त्व कळलं.’ यात खोटं काही नाही, पण यात तूही नाहीस. हेच वाक्य शेकडो मुलांच्या अर्जात नाव बदलून चालेल. दर वर्षी पन्नास हजारांहून जास्त मुलं एमडीसाठी अर्ज करतात, त्यांतली किती जणं लॅबमध्ये पीसीआर शिकलेली असतील याचा विचार कर.

त्याऐवजी असं काहीतरी : ‘हृदयाची घडण होताना एक विशिष्ट जनुक लागतं का, हा आमच्या लॅबचा प्रश्न. झेब्राफिशच्या भ्रूणांत ते बंद करून आम्ही पाहत होतो. पहिलं वर्ष मी मासे सांभाळले आणि कोणत्या माशात बदल उतरला आहे ते तपासलं. दुसऱ्या वर्षी भ्रूणांच्या हृदयाचे ठोके मोजण्याचं काम माझ्याकडे आलं. गट माहीत असताना मोजलं तर चूक होईल असं वाटून लेबलं झाकून मोजण्याची पद्धत मी सुचवली. आता लॅबमध्ये सगळे तसंच मोजतात. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. दुसरं जनुक उणीव भरून काढतं का, हा पुढचा प्रश्न आहे.’

बघ, प्रश्न आला, तुझा वाटा आला, तुझा विचार आला, निकाल जसा होता तसा आला. शेवटचं वाक्य लॅब खरंच त्या दिशेनं निघाली असेल तरच ठेव, नाहीतर काढून टाक. ‘आम्ही’ कुठे आणि ‘मी’ कुठे, याकडे नीट लक्ष दे. आपल्याकडच्या मुली ‘मी’ लिहायला संकोचतात आणि जे स्वतः केलं तेही ‘आम्ही’च्या पदराआड ठेवतात. काही मुलं उलट, पोस्टडॉकनं केलेलं सगळं ‘मी’मध्ये ओढतात. दोन्हीकडे वाचणाऱ्याचा अंदाज चुकतो. आणि हा मजकूर वाचणाऱ्यांत झेब्राफिश कधी न पाहिलेला बालरोगतज्ज्ञ असेल, समाजसेवा विभागातली बाई असेल, शेवटच्या वर्षाचा विद्यार्थीही असेल. जनुकाचं सांकेतिक नाव त्यांना काही सांगत नाही. तुझ्या आईला वाचून दाखव. प्रश्न काय होता ते तिला कळलं तर लेखन जमलं.

मासे सांभाळल्याचं लिहायला लाज वाटते, असं तू म्हणतेस. का वाटावी? शनिवारी-रविवारी जाऊन त्यांना आर्टेमिया हे बारीक जिवंत खाद्य घालणं, टाक्या बघणं, दिवा लागल्यावर सकाळी अंडी गोळा करणं, हे कोणी केलं नाही तर सोमवारी प्रयोगच होत नाही. ते लिही. एका वाक्यात लिही, पण लिही.

तासांचं उत्तर सोपं आहे. सत्रात आठवड्याला आठ तास, वर्षाला ३० आठवडे, अशी दोन वर्षं म्हणजे ४८०. गेल्या उन्हाळ्यात दहा आठवडे, आठवड्याला ३५ तास, म्हणजे ३५०. एकूण ८३०. परीक्षेच्या काळात गेली नसशील ते आठवडे वजा कर. ॲमकासमध्ये झालेले तास आणि पुढे अपेक्षित असलेले तास वेगवेगळे दाखवता येतात, त्यामुळे पुढच्या वर्षीचे तास आजच्या आकड्यात मिसळायची गरज नाही. प्रत्येक नोंदीला संपर्कासाठी एका व्यक्तीचं नाव द्यावं लागतं. ‘मोजायला कोण येतंय’ याचं उत्तर त्या रकान्यात आहे. आणि खरं सांगू? ८३० आणि १,०५० यांतल्या फरकानं कोणाचाही प्रवेश झाला किंवा हुकला असं मी पाहिलेलं नाही. खोट्या आकड्यानं मात्र अख्ख्या अर्जावरचा विश्वास जातो.

आता काका. हा तुझ्या पत्रातला सर्वांत नाजूक भाग आहे, कारण इथे फक्त नियम सांगून भागत नाही, नातंही सांभाळायचं आहे.

नियम स्पष्ट आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. १९७८ साली व्हँकुव्हरला जमलेल्या संपादकांच्या गटातून ती उभी राहिली. लेखक कोणाला म्हणावं याच्या तिनं चार अटी घातल्या आहेत, आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात : कामाच्या आखणीत, माहिती गोळा करण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा, लेख लिहिण्यात किंवा त्यात विचारपूर्वक सुधारणा करण्यात सहभाग, अंतिम मजकुराला मान्यता, आणि कामाच्या सर्व बाजूंबद्दल उत्तर देण्याची जबाबदारी. तुझी यातली एकही पुरी होत नाही. शिवाय ॲमकासचा अर्ज सादर करताना त्यातलं सगळं खरं आणि अचूक आहे असं तू स्वतः प्रमाणित करतेस. शंका आली तर चौकशी होते आणि तिचा अहवाल कॉलेजांपर्यंत जातो. प्रवेश मिळाल्यानंतरही तो रद्द होऊ शकतो.

पण नियम बाजूला ठेवूनही बघ. न्यू जर्सीत शिकणाऱ्या मुलीचं नाव पुण्याच्या रुग्णांवरच्या पेपरवर दिसलं की समोरचा साहजिक विचारणार, ‘हे काम तू कधी केलंस?’ रुग्ण कसे निवडले, कोणती चाचणी लावली, असा निष्कर्ष का काढला? त्या दहा मिनिटांत तुझी खरी दोन वर्षंही संशयाच्या फेऱ्यात येतील. आणि तो पेपर ज्या रेसिडेंटनं रात्रपाळ्या सांभाळत, केस पेपर चाळत उभा केला असेल, त्याच्या श्रेयातला एक वाटा तू न केलेल्या कामासाठी घेशील. मला हे शेवटचं कारण सर्वांत मोठं वाटतं.

काकांना वाईट ठरवू नकोस. भारतात अध्यापकांना बढतीसाठी पेपर दाखवावे लागतात, आणि एकमेकांची नावं घालण्याची सवय त्यातून इतकी मुरली आहे की अनेकांना ती चूक वाटतच नाही. त्यांनी पुतणीला मायेनं हात दिला. नाही म्हणायचं ते त्याच मायेनं. व्हॉट्सॲपवर नको, फोन कर, आणि बाबांच्या मार्फत नको, तू स्वतः बोल. असं म्हणता येईल : ‘काका, तुम्ही माझा विचार केलात, मला खूप बरं वाटलं. पण इथल्या अर्जावर मी खरेपणाची सही करते, आणि ज्या कामात माझा हात नाही त्यावर माझं नाव मला लिहिता येणार नाही. डिसेंबरात आम्ही येतोय. तेव्हा तुमच्या ओपीडीत दोन दिवस नुसतं बसून बघू द्याल का?’ नकाराबरोबर काहीतरी मागितलं की तो झिडकारल्यासारखा लागत नाही. ओपीडीत बसलीस तर रुग्णांची परवानगी घेऊन फक्त बघायचं. बीपी घेऊ दे, इंजेक्शन देऊ दे असा उत्साह कोणी दाखवला तरी हात मागे ठेव. प्रशिक्षण नसताना परदेशात रुग्णाला हात लावणं इथल्या समित्यांना खटकतं, आणि ते रास्तच आहे.

काकांना पुढे कधी खरोखर तुझी मदत हवी असेल आणि तू सुरुवातीपासून त्या कामात असशील, तर नाव लागायला काहीच हरकत नाही. या अर्जासाठी मात्र त्याची घाई करू नकोस. बाबांना अर्जातला खरेपणा प्रमाणित करण्याचा तो मजकूर छापून वाचायला दे. कागद समोर असला की बाप-लेकीचा वाद बराच कमी होतो.

आता मोफत दवाखाना. पत्रात तू त्यावर चारच ओळी लिहिल्या आहेस आणि त्या वाचून मी थांबले. मधुमेहाचे रुग्ण दुसऱ्यांदा येत नाहीत हे तुला दिसलं, तू समन्वयक बाईंची परवानगी घेऊन न आलेल्यांची यादी केलीस, स्पॅनिश येणाऱ्या मैत्रिणीला बरोबर घेऊन फोन लावलेस, आणि कळलं की बऱ्याच जणांची त्याच संध्याकाळी गोदामात पाळी असते. दवाखान्यानं आणखी एक संध्याकाळ सुरू केली. आणि तू म्हणतेस, ते रिसर्च नाही!

डॉ. अभय आणि राणी बंग यांचं गडचिरोलीतलं काम तुझ्या आजीला नक्की माहीत असेल. त्यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवलं. ३९ गावांत ही सेवा दिली, ४७ गावांशी तुलना केली, जन्म-मृत्यूची काटेकोर नोंद ठेवली. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. जगभरच्या आरोग्यधोरणांत ज्याचा दाखला देतात ते संशोधन आदिवासी जिल्ह्यातल्या झोपड्यांच्या दारात झालं आहे. संशोधनाला सूक्ष्मदर्शक लागतोच असं नाही. कोण येत नाही, का येत नाही, आणि आपण काय बदललं तर येतील, हा प्रश्न मोजमाप करून सोडवणं हीही शोधक वृत्तीच.

पण इथेही नाव खरं दे. नैतिक समितीची मान्यता, तुलनेचा गट, आराखडा असं काही तुझ्या कामात नव्हतं. तेव्हा त्याला ‘अभ्यास’ किंवा ‘संशोधन प्रकल्प’ म्हणू नकोस. दवाखान्यातल्या सेवेचं जे सदर आहे त्यातच ते लिही, सेवा सुधारण्याचं काम म्हणून. रुग्ण ओळखू येईल असा एकही तपशील नको. आणि तीन ‘अर्थपूर्ण’ नोंदींत लॅब आणि दवाखाना दोन्ही घे. दोन्हीकडे तू एकच गोष्ट करते आहेस : जे दिसतंय ते खरं तसंच आहे का, हे तपासते आहेस. हा धागा तू उघड बोलून दाखवू नकोस. दोन नोंदी नीट लिहिल्यास तर तो आपोआप दिसेल.

कॉलेजं निवडतानाही याचा उपयोग होईल. सगळ्या कॉलेजांना संशोधन सारखंच हवं असतं असं नाही. ड्यूकमध्ये तिसरं वर्ष प्रामुख्यानं संशोधनासाठी राखलेलं असतं. क्लीव्हलँड क्लिनिकच्या लर्नर कॉलेजचा पाच वर्षांचा अभ्यासक्रमच संशोधक डॉक्टर घडवण्यासाठी आहे. उलट जॉर्जियातलं मर्सर मुख्यतः आपल्या राज्यातल्या, खेड्यापाड्यांतल्या लोकांसाठी डॉक्टर तयार करतं. तुझ्या जवळचं, कॅमडनमधलं कूपर शहरातल्या वंचित वस्त्यांच्या सेवेवर भर देतं. मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची ‘एमएसएआर’ ही माहितीसूची आहे, तिच्यात प्रत्येक कॉलेजचं ध्येय आणि तिथे प्रवेश मिळालेल्यांचा अनुभव दिलेला असतो. पैसे भरून घ्यावी लागते, पण घे. एमडी-पीएचडीचा विचार असेल तर वेगळी गोष्ट. तिथे संशोधनावर स्वतंत्र निबंध लागतो आणि प्रत्येक मार्गदर्शकाचं पत्र लागतं. तुझ्या पत्रात पीएचडीची ओढ मला दिसली नाही, म्हणून तिथे शिरत नाही.

एक धोका मात्र सांगते. वैयक्तिक निवेदनाच्या ५,३०० चिन्हांत लॅबचा अहवाल लिहू नकोस. बरीच हुशार मुलं तिथे जनुकांत अडकतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, मग ही शास्त्रज्ञच का होत नाही? या प्रश्नाचं तुझं उत्तर काय आहे? माझ्या समजुतीनं ते त्या फोन कॉल्समध्ये कुठेतरी आहे, पण ते तू शोधायचं आहेस. निवेदनात लॅब आली तर एका परिच्छेदापुरती येऊ दे.

हे वाचणाऱ्यांत महाराष्ट्रात एमबीबीएस करून अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणासाठी, अर्ज करणारेही असतील. तुमच्या ‘इरास’ अर्जात आता दहाच अनुभव लिहिता येतात आणि त्यांतले तीन अर्थपूर्ण म्हणून निवडता येतात. पेपरांची यादी वेगळी असते आणि तिच्यावर मर्यादा नाही, म्हणून पैसे भरून नाव मिळवून देणाऱ्यांचा धंदा तुमच्याभोवती जोरात असतो. त्या वाटेला जाऊ नका. ज्या विषयात रेसिडेन्सी हवी त्यातला एक रुग्ण-अहवाल, जो तुम्ही स्वतः पाहिला, लिहिला आणि ज्यावर अर्धा तास बोलू शकता, तो अशा दहा नावांपेक्षा इंटरव्ह्यूत जास्त उपयोगी पडतो.

शेवटी शिफारसपत्र, कारण त्याला वेळ लागतो. तुझे पीआय, म्हणजे लॅबप्रमुख, तुला नावानं ओळखतात, पण रोज काम पाहिलं ते पोस्टडॉकनं. अशा वेळी पोस्टडॉकनं मसुदा लिहून दोघांनी सही करणं ही इथे रूढ पद्धत आहे. संकोच न करता विचार. विचारताना ‘माझ्याबद्दल चांगलं पत्र द्याल का’ असंच विचार, म्हणजे ज्यांना जमणार नाही ते आत्ताच सांगतील. बरोबर एक पान टिपण दे : केव्हापासून आलीस, काय काय केलंस, लेबलांची ती गोष्ट, पोस्टर. अर्ज मेच्या सुरुवातीला उघडतो आणि मेअखेरीपासून सादर करता येतो. कॉलेजं जसे अर्ज येतात तसे वाचत जातात, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत गेलेला बरा. पत्र मागायला मार्च संपू देऊ नकोस. आणि अर्ज सादर करण्याआधी संशोधनाची नोंद पोस्टडॉकला वाचायला दे. त्यांच्या पत्रातलं आणि तुझ्या नोंदीतलं काम एकच दिसायला हवं.